बाळ कोणाच्या रिटर्नमध्ये? अमेरिकेत लग्नाशिवाय एकत्र राहणाऱ्या आईबाबांसाठी

४ जुलै २०२५ रोजी अमेरिकेत करांचा मोठा नवा कायदा झाला. मुलामागे मिळणारी सवलत त्यात २,००० वरून २,२०० डॉलर झाली, पण सोबत एक नवी अटही आली. त्यामुळे एक जुना प्रश्न आणखी किचकट झाला आहे. आईबाबा एकाच घरात राहतात, मूल दोघांचं आहे, पण त्यांचं लग्न झालेलं नाही. मग रिटर्नमध्ये मूल कोणी दाखवायचं?

भारतातून गेलेल्यांना हा प्रश्न मुळातच परका वाटतो. आपल्याकडे प्रत्येक जण आपापलं रिटर्न भरतो, नवराबायकोसुद्धा. घरात मूल आहे म्हणून कराची रक्कम थेट कमी होत नाही. अमेरिकेत नवराबायको एकत्र रिटर्न भरू शकतात, आणि मूल कोणाच्या रिटर्नमध्ये आहे यावर हजारो डॉलर इकडचे तिकडे होतात. लग्न झालेल्या जोडप्याने एकत्र रिटर्न भरलं की वाद उरत नाही. लग्न न झालेल्यांना ती सोय नाही. दोघांची रिटर्न वेगळी, आणि मूल एकच.

अशा वेळी "ज्याचा पगार जास्त, त्यानेच दाखवायचं" असं सांगणारे पुष्कळ भेटतात. कायद्यात असं कुठेही लिहिलेलं नाही. या समजुतीपायी घरातले पैसे जातात, आणि बऱ्याचदा ते कमी कमावणाऱ्याच्या, म्हणजे अनेक घरांत आईच्या, वाट्याचे असतात. म्हणून हा विषय नीट समजून घ्यायला हवा.

आधी पाया: 'दाखवणं' म्हणजे काय

रिटर्नमध्ये ज्याचा आधार तुम्ही आहात असं सांगता, तो तुमचा 'डिपेंडंट'. स्वतःचं मूल डिपेंडंट म्हणून दाखवायच्या मुख्य अटी सोप्या आहेत. मूल वर्षातला निम्म्याहून जास्त काळ तुमच्यासोबत राहिलेलं असावं. वर्षअखेरीस ते १९ वर्षांच्या आत असावं, पूर्णवेळ शिकत असेल तर २४ च्या आत. कायमचं आणि पूर्ण अपंगत्व असेल तर वयाची अट नाही. आणि स्वतःच्या पोटापाण्याचा निम्म्याहून जास्त खर्च मुलाने स्वतः केलेला नसावा. ३१ डिसेंबरच्या रात्री जन्मलेलं बाळही त्या वर्षापुरतं पूर्ण धरलं जातं.

इथे नातं रक्ताचं किंवा कायदेशीर लागतं. मूल तुमच्या जोडीदारणीच्या आधीच्या नात्यातलं असेल आणि तुम्ही फक्त तिच्यासोबत राहत असाल, तर ते करापुरतं तुमचं मूल ठरत नाही, मग शाळेच्या फीपासून दुधापर्यंत सगळा खर्च तुम्ही करत असलात तरी. आईला रिटर्न भरावंच लागत नसेल, तर काही अटींवर त्या मुलामागे ५०० डॉलरची छोटी सवलत तुम्हाला मिळू शकते. त्याहून जास्त नाही.

या अटी एकाच घरातल्या आईला आणि बाबांना, दोघांनाही लागू पडतात. पण एका वर्षी मूल एकाच रिटर्नमध्ये जाऊ शकतं. रेशनकार्डासारखंच आहे हे: माणसाचं नाव एकाच कार्डावर चढतं, आणि त्या नावावरचं सगळं धान्य त्याच कार्डावर येतं. गहू एका कार्डावर आणि तांदूळ दुसऱ्या, असं होत नाही.

एका मुलासोबत काय काय येतं

हिशेब कुठे फिरतो ते इथे कळतं. 'टॅक्स क्रेडिट' म्हणजे बसलेल्या करातून थेट वजा होणारी रक्कम. त्यातलं 'रिफंडेबल' क्रेडिट कर शून्य झाल्यावरही उरलं, तर ती रक्कम सरकार तुमच्या खात्यात जमा करतं.

पहिलं आहे चाइल्ड टॅक्स क्रेडिट. २०२५ साठी १७ वर्षांखालील प्रत्येक मुलामागे २,२०० डॉलर. त्यातले १,७०० पर्यंत रिफंडेबल, तेही कमाई २,५०० डॉलरच्या वर असेल तर.

दुसरं अर्न्ड इन्कम टॅक्स क्रेडिट, थोडक्यात ईआयटीसी. कमी कमावणाऱ्या कष्टकऱ्यांसाठी ही मोठी मदत आहे आणि ती पूर्ण रिफंडेबल आहे. एक मूल असेल तर २०२५ साठी जास्तीत जास्त ४,३२८ डॉलर, दोन असतील तर ७,१५२. एका मुलाच्या अविवाहित पालकाची कमाई २३,३५० डॉलरच्या पुढे गेली की ही रक्कम घटू लागते आणि ५०,४३४ ला शून्य होते.

तिसरी गोष्ट 'हेड ऑफ हाउसहोल्ड' हा दर्जा. जो अविवाहित पालक घराचा निम्म्याहून जास्त खर्च उचलतो आणि मूल आपल्या रिटर्नमध्ये दाखवतो, त्याला हा मिळतो. २०२५ साठी एकट्या माणसाचं करमुक्त उत्पन्न, म्हणजे स्टँडर्ड डिडक्शन, १५,७५० डॉलर आहे. या दर्जात ते २३,६२५ होतं, शिवाय कमी दराचे टप्पे रुंद होतात.

पाळणाघराच्या खर्चावरचं क्रेडिटही मूल दाखवणाऱ्यालाच मिळतं. इथे एक खाचखळगा आहे. बाबांनी ऑफिसमधून डिपेंडंट केअर एफएसएमध्ये, म्हणजे मुलाच्या सांभाळासाठीच्या खास खात्यात, करमुक्त पैसे बाजूला टाकलेत आणि मूल मात्र आईच्या रिटर्नमध्ये गेलं, तर बाबांचे ते पैसे करपात्र होतात. तो निर्णय आदल्या वर्षी, एफएसएचा फॉर्म भरतानाच घ्यायचा असतो.

मग ठरवायचं कोणी?

तुम्ही दोघांनी. दोघेही अटींत बसत असतील आणि एकानेच मूल दाखवायचं असं तुमचं ठरलं असेल, तर आयआरएस, म्हणजे अमेरिकेचं कर खातं, मधे पडत नाही. आई दाखवू शकते, बाबाही दाखवू शकतात. त्यासाठी कुठली संमती किंवा फॉर्म लागत नाही. दर वर्षी निर्णय बदलता येतो. दोन मुलं असतील तर एक आईने आणि एक बाबांनी, असंही चालतं.

जास्त पगाराचा नियम येतो तो फक्त दोघांनीही तेच मूल दाखवलं तर. तेव्हा आधी पाहतात की मूल वर्षात कोणासोबत जास्त दिवस राहिलं. एकाच घरात दिवस सारखेच असतात, म्हणून मग ज्याचं एकूण उत्पन्न जास्त, मूल त्याचं धरलं जातं. भांडण मिटवायचा हा नियम लोकांनी निवडीचा नियम म्हणून धरून ठेवला आहे.

घरात आजी-आजोबा राहत असतील तर आणखी एक गोष्ट. आईबाबांपैकी कोणीही मूल दाखवलं नाही आणि आजीचं उत्पन्न त्या दोघांपैकी प्रत्येकाहून जास्त असेल, तरच आजी नातवंडाला आपल्या रिटर्नमध्ये घेऊ शकते.

आकडे मांडून पाहू

समजा आई वर्षाला २४,००० डॉलर कमावते, बाबा ६२,०००. तीन वर्षांची एक मुलगी. घराचा निम्म्याहून जास्त खर्च बाबा करतात. वर्ष २०२५.

मुलगी बाबांनी दाखवली तर त्यांना हेड ऑफ हाउसहोल्ड मिळतं. ३८,३७५ डॉलरवर ४,२६५ कर बसतो, २,२०० क्रेडिट वजा जाऊन २,०६५ उरतात. आई एकटी म्हणून ८२५ भरते. घराचा एकूण कर २,८९० डॉलर.

आता तीच मुलगी आईने दाखवली तर? बाबा साधे 'सिंगल' होतात आणि ५,३११ डॉलर भरतात, आधीपेक्षा दुपटीहून जास्त. इथपर्यंत पाहून बरेच जण कागद मिटतात. पण आईकडे पाहा. तिचा ८२५ कर चाइल्ड टॅक्स क्रेडिटमध्ये पुसला जातो, उरलेले १,३७५ परत मिळतात आणि वर सुमारे ४,२२० डॉलर ईआयटीसी येतं. कर भरणं दूरच, तिच्या हातात जवळपास ५,६०० डॉलर येतात. दोघांचं मिळून पाहिलं तर घराला कर लागत नाही, उलट २८० च्या आसपास डॉलर मिळतात. दोन पर्यायांतला फरक तीन हजारांवर जातो. तो मिळतो फक्त मूल कमी पगाराच्या पालकाच्या रिटर्नमध्ये घातल्याने, आणि ते पूर्ण कायद्याला धरून आहे. राज्याच्या आयकरातही ईआयटीसी असेल, तर फरक आणखी वाढतो.

आई काहीच कमवत नसेल तर चित्र उलटतं. कमाई नाही म्हणजे ईआयटीसी नाही आणि रिफंडेबल भागही नाही. तेव्हा बाबांनीच मुलगी दाखवावी. आईचं वर्षाचं उत्पन्न ५,२०० डॉलरच्या आत असेल, ती वर्षभर त्याच घरात राहिली असेल, तिचा निम्म्याहून जास्त खर्च बाबा करत असतील आणि इतर अटी जुळत असतील, तर तीही त्यांची डिपेंडंट ठरू शकते, आणि तिच्यामागे ५०० डॉलर मिळतात.

"मग जास्त पगाराच्या घरातही कमी कमावणाऱ्यानेच दाखवायचं का?"

इथे घाई करू नका. समजा बाबा २ लाख ६० हजार डॉलर कमावतात, आई ९० हजार. अविवाहिताची कमाई २ लाखांपुढे गेली की दर हजारामागे ५० डॉलर असं चाइल्ड टॅक्स क्रेडिट घटतं. बाबांसाठी ते शून्य होतं, आईला मात्र पूर्ण २,२०० मिळतात. म्हणजे आईने दाखवावं, असं वाटेल. पण घराचा निम्म्याहून जास्त खर्च बाबा करत असतील, तर फक्त हेड ऑफ हाउसहोल्डमुळे त्यांचा कर सुमारे ४,२५० डॉलरने कमी होतो. आईला या परिस्थितीत तो दर्जा मिळणार नाही, म्हणून तिच्याकडून घराला २,२०० चाच फायदा. क्रेडिट शून्य असूनही मूल बाबांकडे जाणंच परवडतं.

आणि तिसरी शक्यता तर कोणाच्या डोक्यातच येत नाही. घरभाडं, वीज, किराणा असा निम्म्याहून जास्त खर्च आईने स्वतःच्या खात्यातून केला असेल, तर दर्जाही तिचा आणि क्रेडिटही तिचं. मिळून जवळपास ५,६७० डॉलर वाचतात. बाबांनी पुढच्या वर्षी भाडं भरायचं थांबवून गाडीचा हप्ता, बाळाचा विमा आणि बचत आपल्याकडे घेतली, तर घरावर जास्तीचा भार न पडता हा फरक पडतो. मात्र खर्च खरोखर तिच्या पैशातून झालेला हवा, कागदावर दाखवण्यापुरता नाही.

म्हणूनच दोन्ही रिटर्न दोन्ही तऱ्हांनी मांडून पाहिल्याशिवाय निर्णय घेऊ नये. अमुक पगाराला अमुक उत्तर असं सरसकट सांगणाऱ्या सल्ल्यावर माझा विश्वास नाही.

"आम्ही सगळा खर्च अगदी निम्मा-निम्मा करतो"

नात्यासाठी छान, करासाठी महाग. अट 'निम्म्याहून जास्त' अशी आहे. बरोबर निम्मा खर्च असेल तर दर्जा दोघांनाही मिळत नाही. दोघेही ७०-७० हजार कमावत असतील तर त्यामुळे १,६०० डॉलरच्या वर जातात. या खर्चात घरभाडं किंवा गृहकर्जाचं व्याज, मालमत्ता कर, घराचा विमा, दुरुस्ती, वीज-पाणी आणि घरात खाल्लं जाणारं अन्न येतं. कपडे, शिक्षण, औषधपाणी, सुट्टीतला प्रवास आणि गाडीचा खर्च त्यात धरत नाहीत. एकाने भाड्याचा थोडा जास्त भाग उचलला आणि दुसऱ्याने या बाहेरच्या खर्चातून भरपाई केली, तर प्रश्न सुटतो. बिलं आणि बँकेचे उतारे मात्र जपून ठेवा.

"सवलती वाटून घेता येणार नाहीत का?"

एकत्र राहत असाल तर नाही. गोंधळ होतो तो फॉर्म ८३३२ मुळे. आईबाबा वेगळे राहत असतील, तर ज्याच्याकडे मूल राहतं तो या फॉर्मवर सही करून चाइल्ड टॅक्स क्रेडिट दुसऱ्याला देऊ शकतो आणि बाकीचं स्वतःकडे ठेवू शकतो. लग्न कधीच न झालेल्यांनाही ही सोय आहे, पण वर्षाचे शेवटचे सहा महिने दोघे वेगवेगळे राहिलेले असावे लागतात. एका छताखाली राहणाऱ्यांना ती लागू नाही.

पैसे मात्र वाटता येतात. आईच्या खात्यात ५,६०० डॉलर आले आणि बाबांचा कर ३,२०० ने वाढला, तर तेवढी भरपाई तिने त्यांना द्यावी, किंवा दोघांनी ती रक्कम मुलीच्या नावाने गुंतवावी. २०२५ मध्ये एका व्यक्तीला १९,००० डॉलरपर्यंत भेट दिली तर गिफ्ट टॅक्सचं रिटर्नही भरावं लागत नाही. हे आधी बोलून, दोन ओळी लिहून ठेवलेलं बरं. रिफंड एकाच्या खात्यात येतो आणि वाढलेलं बिल दुसऱ्याच्या, आणि बोलणं झालेलं नसेल तर तिथेच मन दुखावतं.

"आमचं लग्न झालेलं नाही", हे नक्की?

मराठी जोडप्यांनी हा भाग लक्ष देऊन वाचावा. गावी मंडपात सप्तपदी झाली, पण नोंदणी राहिली, म्हणून "कागदोपत्री आम्ही अविवाहितच" असं काही जण मानतात. १९५५ च्या हिंदू विवाह कायद्यात विधीपूर्वक झालेलं लग्न वैध असतं, नोंदणी नसल्याने ते रद्द होत नाही. आणि जिथे लग्न झालं तिथल्या कायद्याने ते वैध असेल, तर आयआरएसही ते मानतं. अशा जोडप्याने 'सिंगल' म्हणून वेगळी रिटर्न भरणं चुकीचं आहे. ३१ डिसेंबरला तुम्ही विवाहित असाल, तर त्या वर्षासाठी विवाहितच.

अमेरिकेतही टेक्सास, कोलोरॅडो, आयोवा अशा काही राज्यांत 'कॉमन लॉ' लग्न मानतात. टेक्सासमध्ये दोघांनी पतिपत्नी म्हणून राहायचं ठरवलं, तिथे तसे राहिले आणि लोकांना तशीच ओळख दिली, तर एकही समारंभ न होता लग्न ठरतं, आणि केंद्राच्या करासाठीही ते धरलं जातं. नुसतं एकत्र राहणं म्हणजे कॉमन लॉ लग्न नाही, हेही तितकंच खरं.

मग लग्न केलं तर कराचं काय होतं? वरच्या २४ आणि ६२ हजारांच्या जोडप्याचं लग्न झालेलं असतं, तर एकत्र रिटर्नमध्ये त्यांना ३,८६३ डॉलर कर बसला असता, कारण ईआयटीसी हातचं गेलं असतं. एकाची कमाई शून्य असेल तिथे बहुधा लग्नच फायद्याचं ठरतं.

व्हिसा आणि नंबरचा मुद्दा

आधी म्हटलेली नवी अट ती हीच. चाइल्ड टॅक्स क्रेडिटसाठी मुलाकडे नोकरीला चालणारा सोशल सिक्युरिटी नंबर, म्हणजे अमेरिकी सरकारचा ओळख क्रमांक, लागायचाच. २०२५ पासून क्रेडिट घेणाऱ्या पालकाकडेही तो हवा. एकत्र रिटर्नमध्ये नवराबायकोपैकी एकाकडे असला तरी चालतं. अविवाहितांमध्ये मात्र जो मूल दाखवतो त्याच्याकडेच तो असावा लागतो. ज्याच्याकडे फक्त आयटीआयएन, म्हणजे कर भरण्यापुरता दिलेला नंबर, आहे त्याने मूल दाखवलं तर २,२०० डॉलर बुडतात. ईआयटीसीला तर ही अट आधीपासूनच आहे.

एफ-१ व्हिसावरचे विद्यार्थी साधारण पहिली पाच कॅलेंडर वर्षं करासाठी अनिवासी धरले जातात. त्यांना ईआयटीसी नाही आणि हेड ऑफ हाउसहोल्डही नाही. अशा घरात दुसरा पालक नागरिक किंवा ग्रीनकार्डधारक असेल, तर मूल जवळजवळ नेहमी त्यानेच दाखवायचं. भारतात जन्मलेलं आणि आयटीआयएन असलेलं मूल अमेरिकेत करासाठी निवासी असेल, तर चाइल्ड टॅक्स क्रेडिटऐवजी ५०० डॉलरचं क्रेडिट मिळतं.

दोघांनीही दाखवलं तर

ऑनलाइन भरताना दुसऱ्याचं रिटर्न साधारणपणे परत येतं, कारण मुलाचा नंबर आधीच वापरलेला असतो. दुसऱ्याने आयआरएसकडून ओळख पटवणारा सहा आकडी आयपी पिन घेतला असेल तर आता ते ऑनलाइनही स्वीकारलं जातं, नाहीतर कागदावर पाठवावं लागतं. पुढे दोघांनाही पत्र येऊ शकतं: हे मूल आणखी कोणीतरी दाखवलं आहे, तुमचं रिटर्न तपासा. एकाने दुरुस्ती केली की विषय संपतो. कोणीच माघार घेतली नाही तर तपासणी होते, शाळेची, डॉक्टरची, घरभाड्याची कागदपत्रं मागतात, आणि हरणाऱ्याला क्रेडिट व्याजासह परत करावं लागतं, कधी २० टक्के दंडासह. नियम धाब्यावर बसवून दावा केला असं ठरलं तर ही क्रेडिटं दोन वर्षं बंद होतात, फसवणूक ठरली तर दहा वर्षं.

वरच्या उदाहरणातल्या घरात असं भांडण झालं, तर जास्त पगारामुळे बाबा जिंकतील आणि घराचे तीन हजार डॉलर जातील.

मागच्या वर्षी मूल चुकीच्या रिटर्नमध्ये गेलं असं हे वाचून वाटत असेल, तर वाट अजून बंद झालेली नाही. फॉर्म १०४०-एक्स भरून साधारण तीन वर्षांपर्यंतची रिटर्न दुरुस्त करता येतात. २०२३ चं रिटर्न वेळेत भरलं असेल, तर एप्रिल २०२७ पर्यंत. ज्याने मूल दाखवलं होतं त्याने आधी ते काढून फरक भरायचा, मग दुसऱ्याने दाखवायचं. मुलाचा सोशल सिक्युरिटी नंबर मात्र त्या वर्षीच्या मुदतीआधी मिळालेला असावा लागतो. कमी उत्पन्न असणाऱ्यांना व्हीटा केंद्रांवर रिटर्न फुकट भरून मिळतात. तिथे शक्यतो दोघांनी एकत्र, दोघांचे डब्ल्यू-२, म्हणजे पगाराचे वार्षिक दाखले, आणि घरखर्चाची बिलं घेऊन जावं, आणि हिशेब दोन्ही तऱ्हांनी करून मागावा.